पुसलेली रेघ

"पाहुणा उंबऱ्यापाशी यायच्या आत घर लख्ख हवं. काय खाल्लं-प्यालं ते तो विसरेल, पण कोपऱ्यातलं जळमट बरोबर घरी घेऊन जाईल."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांचं हे वाक्य अजून घरात कामाला होतं. नदीचं पाणी ओसरलं, चिखल तेवढा मागे राहिला, आणि थोरल्या सुनेच्या कानात पहिलं काही वाजलं असेल तर ते हेच. विम्याचा माणूस येणार होता. म्हणजे पाहुणाच की. मग घरातली चारही माणसं, ती, तिचा नवरा, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ, पाच दिवस फावडी, खराटे आणि फाटक्या चादरींचे बोळे घेऊन राबली. फुगलेल्या गाद्या, पापुद्रे सुटलेलं प्लायवूड, पुस्तकांचा लगदा, सगळं पालिकेच्या गाडीत गेलं. वायरमनने भिजलेले स्विचबोर्ड उपसून नेले आणि नवे बसवले. ऑइलपेंटच्या भिंती थोरल्याने स्वतः घासल्या, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन, वरून खाली, एक वीतही न सोडता. छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. चूक दिसली की दुरुस्त करायची, ती नुसती बघत बसणं त्याला जमत नसे.

"थोडे फोटो काढून ठेवूया का?" धाकटीने दुसऱ्या दिवशी विचारलं होतं.

"कशाचे? घाणीचे?" थोरली म्हणाली होती, आणि विषय तिथेच मिटला होता.

आता नवव्या दिवशी सकाळी दहाला सर्व्हेअर दारात उभा होता आणि वाकून बुटाची नाडी सोडत होता.

"असू द्या, असू द्या," थोरला म्हणाला.

"नाही हो. आठवडाभर मी चिखलातून फिरतोय. बूट काढावेसे वाटले असं हे पहिलंच घर." त्याने मोजे झटकले, खिशातून टेप काढली आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध येऊन गोल फिरला. भिंतींवरून त्याची नजर सरकत गेली आणि कुठेच थांबली नाही. "पाणी कुठवर होतं?"

"छातीपर्यंत."

"कुठे दिसतं ते?"

थोरल्याने भिंतीकडे बोट केलं. भिंत स्वच्छ होती. बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग खाली आलं.

सर्व्हेअर वळला. आतल्या खोलीत गेला, जिन्यापाशी वाकला, दारांच्या चौकटींवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही. मग सगळे स्वयंपाकघरात आले. तिथली मागची भिंत बाहेरच्या अंगाला पोट काढून उभी होती. तिला अंगणातून दोन जाड वाशांचे टेकू दिलेले होते. त्याने ओळंबा धरला, भेगेत पेन्सिल घालून पाहिली, ती अर्धी आत गेली.

"ही पाडून नव्याने बांधावी लागणार."

"तेच तर अर्जात लिहिलंय आम्ही," धाकटी म्हणाली. मालवाहतुकीच्या एका कंपनीत ती कागदपत्रं सांभाळायची, म्हणून विम्याचा अर्जही तिनेच भरला होता.

"वाचलंय मी. असं बघा बाई. छातीभर पाणी दीड दिवस उभं राहिलं तर अशी भिंत जाते. गुडघाभर पाण्याने जात नाही. समोरच्या घरात गुडघ्यावर रेघ आहे, काल मापली मी. मग ऑफिस काय म्हणणार? तुमची भिंत आधीचीच वाकलेली होती, पुराचं नुसतं निमित्त झालं."

"समोरच्यांचं जोतं उंच आहे. आम्ही रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात येतो," थोरला म्हणाला.

"मला पटतंय हो साहेब. पण मला काय पटलं ते लिहायला अहवालात रकाना नाही. उंचीला आहे."

"ओल बघा ना मग भिंतीची."

"ओल वर चढते, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. तिच्यावरून पाणी मोजत नाहीत." तो पुन्हा आतल्या खोलीत आला. "धुतलं नाही असं एखादं ठिकाण राहिलंय का घरात? कपाटाची मागची बाजू, एखादी बंद जागा, काहीही. चिखलाची कड दिसली की काम झालं."

थोरली तेव्हा आतल्या खोलीतल्या पडद्यासमोर उभी होती. पडदाही तिने धुऊन, वाळवून परत लावला होता.

"आमच्या घरात असं ठिकाण राहत नाही," ती म्हणाली. बोलताना तोऱ्याने बोलली, आणि बोलून झाल्यावर तिच्या पाठीला पडदा लागला तशी ती एक पाऊल पुढे सरकली.

"फार छान ठेवलंय घर. तीच तर अडचण झालीय." सर्व्हेअरने टेप खिशात टाकली. "उद्या अकराला याच गल्लीत मला दुसरं घर आहे. जाताना डोकावतो. तोवर काही सापडलं तर बघू. नाही तर जे दिसलं तेच लिहावं लागेल."

"काय दिसलं?" धाकटीने विचारलं.

"स्वच्छ घर," तो म्हणाला आणि बूट घालायला बसला.

त्यात उपरोध नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. विम्याशिवाय ती भिंत उभी राहणार नव्हती, हे चौघांनाही ठाऊक होतं. आणि भिंत उभी राहिली नाही, तर पुढच्या पावसाआधी येईल त्या गिऱ्हाइकाला घर देऊन दोन भावांनी दोन दिशांना भाड्याच्या खोल्या बघायच्या, एवढंच उरत होतं.

०

धाकटा नाटकांचे देखावे रंगवायचा. पडकी भिंत, पिचलेली फरशी, ओल धरलेला जिना, हे सगळं कोऱ्या प्लायवूडवर उभं करण्यात त्याची हयात चालली होती. सर्व्हेअर गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तसा तो म्हणाला, "रेघच हवी ना त्याला? देतो की मी रेघ."

"म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे काय, म्हणजे! बाहेर चिखलाला तोटा नाही. तो गाळून घ्यायचा, चहाचं पाणी, चिमूटभर तपकिरी रंग, आणि ओला स्पंज. दुपारी चारपर्यंत वाळतं. पहिल्या रांगेतला माणूस नाकाला रुमाल लावेल असं काम करतो मी."

"पहिल्या रांगेतल्या माणसाच्या खिशात टेप नसते," धाकटी म्हणाली.

"खोटी रेघ काढायची?" थोरली म्हणाली.

"खोटी कुठली, वहिनी? पाणी आलं होतं का नव्हतं?"

"आलं होतं."

"दीड दिवस होतं का नव्हतं?"

"होतं."

"मग मी खरंच काढतोय."

"खरं असतं तर काढावं लागलं नसतं, भाऊजी."

या घरात भांडणाच्या बाजू ठरलेल्या असत. एकीकडे थोरला-थोरली, दुसरीकडे धाकटा-धाकटी, आणि मध्ये सासूबाई होत्या तोवर सासूबाई. त्यामुळे तिघांनीही आपोआप थोरल्याकडे पाहिलं. स्वल्पविराम चुकला म्हणून लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा परत पाठवणारा माणूस आता काय म्हणणार, हे ऐकायची कुणाला गरजच वाटत नव्हती.

"काढ," थोरला म्हणाला.

"अहो!"

"पुसली मी. माझ्या हाताने. मजकुरातला बरोबर शब्द चुकून खोडला गेला, तर समासात खूण करून तो परत घालतात. त्याला दुरुस्ती म्हणतात, लबाडी नाही." तो भराभरा बोलत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. "घर जातंय आपलं. एका ब्रशाने जातंय. मी काय नुसतं बसून राहू?"

"दादा, अर्जावर सही माझी आहे," धाकटी म्हणाली.

तिच्या नवऱ्याने वळून पाहिलं. "तू पण?"

"मी पण काय? उद्या त्याने नख लावून रंगाचा पापुद्रा काढला, तर मी तिथे काय सांगू? आमचे हे कलाकार आहेत, त्यांना राहवलं नाही, असं?"

थोरली किंचित हसली. गेल्या कित्येक वर्षांत धाकटीच्या बोलण्यावर ती हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, खुद्द धाकटीलाही नाही. जोड्या मोडल्या होत्या. भाऊ-भाऊ एकीकडे झाले होते आणि जावा-जावा दुसरीकडे.

पण भाऊ उठले. धाकट्याने वरच्या मजल्यावरून रंगाचे डबे आणले, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. अंगणातून चिखलाची बादली आणताना पावलांचे ठसे थेट आतल्या खोलीपर्यंत उमटले. थोरली ते बघत राहिली आणि कशीबशी जागेवर बसून राहिली. धाकट्याने कानावरची पेन्सिल काढली.

"बोला. कुठे काढू?"

"इथे," थोरल्याने छातीशी हात आडवा धरला.

"छे. माझ्या खांद्याला लागत होतं," धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली. "मी कागदांची पेटी डोक्यावर घेऊन जिन्याकडे आले ना."

"तू बुटकी आहेस," धाकटा म्हणाला.

"मी बुटकी असले म्हणून भिंत बुटकी होत नाही. इथे या आणि माझा खांदा बघा."

त्याने तिचा खांदा पाहिला, भिंतीवर खूण केली. दादाची छाती पाहिली, दुसरी खूण केली. "मला तर चौथी पायरी बुडालेली आठवतेय."

"पाचवी," थोरली म्हणाली. "पाचवीवर मी कंदील ठेवला होता, तो विझला."

"कंदील सहावीवर होता," थोरला म्हणाला.

तिसरी खूण झाली. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची यांच्यामध्ये दीड वीत अंतर पडलं. धाकटा पेन्सिल हातात धरून मागे सरकला आणि भिंतीकडे डोळे बारीक करून बघू लागला. नाटकात हे सोपं असे. दिग्दर्शक म्हणे, इथे ओल हवी. की तिथे ओल आली. आणि पाणी एकदम उतरत नाही, थांबत थांबत उतरतं, दर थांब्याला एकेक फिकट रेघ सोडून, हे त्याला ठाऊक होतं. आजवर शंभरदा त्याने ते रंगवलं होतं. पण त्याच्या स्वतःच्या घरात पाणी कुठे कुठे थांबलं होतं? त्याने आठवायचा प्रयत्न केला. ब्रश, साबण, बादल्या आठवल्या. रेघ त्याने एकदाही नीट पाहिली नव्हती. ती खोलीत होती तेव्हा तो पाठमोरा होऊन फरशी घासत होता.

"काय झालं? काढ ना," थोरला म्हणाला.

"दादा, कोणती?"

०

दोघी जावांची नणंद, म्हणजे भावांची अक्का, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायची. फोन वाजला तेव्हा तिने चक्र थांबवलं, हात पुसले आणि दार लावून घेतलं. या वेळेला रोज फोन येई. पूर आल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता.

"बोल गं."

"वन्सं, सर्व्हेअर येऊन गेला." धाकटी अंगणातून बोलत होती, मागे टेकूंच्या वाशांवर कावळा ओरडत होता. तिने सगळं सांगितलं. रेघ, बादली, तीन खुणा.

"दादा काढ म्हणाला? आपला दादा?"

"हो. आणि तुमच्या वहिनी नको म्हणताहेत."

"ती म्हणणारच." नणंद भावंडांत सगळ्यांत मोठी, पण थोरल्या भावाला दादा आणि त्याच्या बायकोला वहिनी म्हणायची सवय तिने हौसेने लावून घेतली होती. गेल्या सहा वर्षांत मात्र ती नुसतं 'ती' म्हणायची. "आणि कपाट?"

"कुठलं कपाट?"

"अगं आईचं. भिंतीतलं."

"ते होय. ते बाहेरून पुसलंय चकचकीत. पडदासुद्धा धुतलाय."

"बाहेरून पुसलंय गं. आतून कोण पुसणार? दोन कुलुपं आहेत त्याला. एक चावी माझ्याकडे आहे." तिच्या चष्म्याच्या घरात, मखमलीच्या तुकड्याखाली, ती चावी सहा वर्षं होती. "नऊ दिवस ओलं कुजतंय ते आत. काय असेल, काय नसेल, देव जाणे. मला रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं."

धाकटी सावकाश म्हणाली, "वन्सं, आत कुणीच पुसलेलं नाही."

"तेच म्हणतेय ना मी."

"नाही, म्हणजे... आत रेघ असेल."

दोघींनाही ते एकदमच कळलं. नणंदेने नकळत चष्म्याचं घर हातात घेतलं.

"तुम्ही या ना," धाकटी म्हणाली. "रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता."

"येईन की. ये म्हटलं तर."

"मी म्हणतेय, या."

"तू नव्हे गं," नणंद म्हणाली आणि चक्राचं बटण दाबलं.

०

आतल्या खोलीत पडदा एका बाजूला सारला गेला तेव्हा थोरलीला वाटलं, आपल्याच अंगावरचं पांघरूण कुणी ओढलं. तो पडदा तिने सहा वर्षांपूर्वी लावला होता, ती दोन कुलुपं रोज दिसू नयेत म्हणून. आता धाकटी हातात पडद्याचं टोक धरून उभी होती आणि धाकटा कपाळावर हात मारत होता.

"डोळ्यांसमोर होतं की! जमिनीपासून छतापर्यंत कपाट. दादा, बघ तरी!"

थोरल्याने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून नऊ दिवसांचं काहीतरी उतरलं. "चावी?"

"वरची माझ्याकडे आहे," थोरली म्हणाली. "खालची वन्संकडे."

"मग अडलंय काय?" धाकटा तोवर वर जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आलाही होता. "अक्काचं कुलूप आहे की हे एवढुसं. पाच मिनिटांचं काम."

थोरली उठली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"त्या कुलपाला हात लावायचा नाही, भाऊजी."

"वहिनी, आता हे काय? रंगाला नको म्हणालात. ठीक. हे तर खरं आहे ना? खरी रेघ आहे आत."

"आईंना वचन दिलंय मी. दोघींनी मिळून उघडायचं."

"आईला जाऊन सहा वर्षं झाली. उघडलंत का मिळून?"

"नाही."

"मग?"

"मग उघडायचं राहिलंय. मोडायचं ठरलेलं नाही."

"अगं पण उद्या अकराला तो येणार," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. तो विनवत होता. "भिंत जाईल. घर जाईल. एका कुलपासाठी? नवीन आणून देऊ अक्काला."

आजारपणातल्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंनी दोघींना पलंगापाशी बसवलं होतं. हातात ताकद नव्हती, तरी चाव्या त्यांनी स्वतः दोघींच्या तळहातांवर ठेवल्या होत्या. एक लेकीच्या, एक सुनेच्या. "एकीने उघडू नका. एकीने उघडलं की दुसरीला कायम वाटेल, काहीतरी आधीच काढून घेतलं." दोघी हो म्हणाल्या होत्या. आणि सासूबाई गेल्यावर महिन्याभरात, आवराआवरीच्या दिवशी, नणंद फडताळातली भांडी न विचारता खाली काढून मांडायला लागली, तेव्हा थोरलीच्या तोंडून गेलं होतं, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं बसावं. घर मी आवरते." नणंद हातातलं पातेलं खाली ठेवून उठली होती. पातेल्याचा आवाजही होऊ दिला नव्हता तिने.

"मला सकाळीच आठवलं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"तो म्हणाला ना, एखादी बंद जागा राहिलीय का. तेव्हाच मला आठवलं होतं. मी इथेच उभी होते, पडद्यापुढे. आणि नाही म्हणाले."

धाकट्याच्या हातातली करवत खाली आली. खोटं बोलणार नाही हा जिचा रोजचा नेम, सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय जी पाण्याचा घोट घेत नाही, ती वहिनी असं काही म्हणेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"का पण?" थोरल्याने विचारलं.

"वन्संच्या दारात जावं लागलं असतं."

दुपारभर थोरली धाकट्याला खऱ्या-खोट्याच्या गोष्टी सांगत होती, आणि सगळ्यांत आधी खोटं तीच बोलली होती. तेही रंग न वापरता. हे तिला आता कळत होतं, आणि लपवायचं कुठे ते कळत नव्हतं.

धाकटीने पडद्याचं टोक सोडलं. "जाऊबाई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"पाणी ओसरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या होत्या. गल्लीच्या तोंडापर्यंत. मी पालिकेच्या गाडीपाशी होते, मला दिसल्या. हातात फावडं होतं."

"फावडं?"

"स्वतःचं. घरून आणलं होतं. नवीन असावं, कागदाची पट्टी अजून दांड्याला होती. तुम्ही ओटा धूत होतात. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, आणि मग गेल्या."

"हाक मारायची नाहीस?"

"मारली. म्हणाल्या, धुऊन झालंय की त्यांचं. पाहुणे आलेत की काय, एवढं लख्ख केलंय." धाकटीने नजर खाली घातली. "हसून म्हणाल्या. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं."

थोरली कपाटापासून बाजूला झाली. हातातलं फडकं, जे सकाळपासून तिच्या हातात होतं हे तिलाही माहीत नव्हतं, तिने खिडकीत टाकलं. मग वर गेली. पेटीच्या तळातून छोटी पितळी चावी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली, केसांवरून हात फिरवला आणि खाली आली.

"फोन कर ना तिला," थोरला म्हणाला. "ती निघेल तिकडून."

"ते वाक्य मी फोनवर नव्हते बोलले. तोंडावर बोलले होते."

"मी येऊ?"

"नको."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर त्यांना सांगेन, चावी ठेवा तुमच्याकडे, पण माझं बोलणं परत घेऊ द्या."

"आणि आली," धाकटा मध्येच म्हणाला, "आणि आत रेघ निघाली गुडघ्याला, तर? तीन खुणा केल्यात मी. तीनही चुकल्या तर?"

थोरलीने भिंतीवरच्या त्या पेन्सिलीच्या खुणांकडे पाहिलं. छाती, खांदा, कंदील.

"तर गुडघ्याला होतं असं लिहायचं," ती म्हणाली. "सही तुमच्या बायकोची आहे. तिला खाली बघायला लागायला नको."

धाकटीने पुढे होऊन जावेच्या पर्सची अर्धवट राहिलेली साखळी ओढून दिली.

चार वाजत आले होते. आतल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरलेली, चिखलाची बादली मधोमध, दारापासून कपाटापर्यंत धाकट्याच्या पावलांचे ठसे, रंगाच्या डब्यांची झाकणं उलटी पडलेली. पाच दिवसांची सगळी मेहनत तासाभरात मातीत गेली होती. थोरल्याने ते पाहिलं आणि सवयीने खिडकीतलं फडकं उचललं.

"तू येईपर्यंत हे आवरून ठेवतो. अक्का इतक्या वर्षांनी येणार आणि हे असं..."

"असू द्या तसंच," थोरली उंबऱ्यातून म्हणाली. "वन्सं काय पाहुण्या आहेत?"

तिने चपला घातल्या, दोन पायऱ्या चढली आणि रस्त्याला लागली. गल्लीच्या कडेने फळ्या टाकून लोकांनी कोरडी वाट केली होती. रिक्षा नाक्यावर मिळणार होती. ती फळ्यांवर गेली नाही. नाक्याची जवळची वाट चिखलातून होती, तीच तिने धरली.